राजाच्या डोळ्यात घुसलेला भाला

नमस्कार मंडळी! आज जरा युरोपातल्या राजदरबारी जाऊ, जाउस्टिंग बघायला. दोन सरदार घोड्यावरून समोरासमोर सुसाट येणार, लाकडी भाला एकमेकांवर मोडणार, मोडला की पॉइंट. पुढे पुढे मधे लाकडी कठडा आला, दोघंही कठडा डाव्या हाताला ठेवून यायचे, म्हणजे मार सगळा डावीकडे, म्हणून चिलखतही डावीकडेच जास्त जाड, वरून आणखी एक पत्रा आवळलेला. लढाईचं चिलखत साधारण 20-25 किलोचं, ते घालून माणूस पळूसुद्धा शकतो (क्रेनने उचलून घोड्यावर ठेवायचे वगैरे सगळं सिनेमातलं). जाउस्टिंगचं मात्र पार 40 किलोपर्यंत जायचं.

आणि हेल्मेट तर विचारूच नका! पंधराव्या शतकातलं ते बेडूकतोंडी हेल्मेट बघा, जाड लोखंड, छातीच्या आणि पाठीच्या पत्र्याला घट्ट जखडलेलं, मान हलवायची सोयच नाही. बघायला डोळ्यांपुढे एक आडवी फट, तीसुद्धा पुढे वाकलात तरच कामाची. आता गंमत ऐका, भाला लागायच्या ऐन क्षणी स्वार ताठ व्हायचा, फट वर जायची आणि समोरचं दिसणंच बंद! आंधळं व्हायचं, पण डोळे वाचायचे. मला विचाराल तर याच्याइतकं डोकेबाज हेल्मेट दुसरं नाही.

सोळाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी झडपवाली हेल्मेटं आली, दिसायला देखणी, नजरेला सोयीची. 30 जून 1559, पॅरिस. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री, मुलीचं लग्न स्पेनच्या राजाशी झालेलं, बहिणीचंही ठरलेलं, त्याच आनंदात टूर्नामेंट. राणी कॅथरीन म्हणत होती आता पुरे, पण गडी ऐकेना, आपल्याच स्कॉटिश गार्डच्या (राजाचे अंगरक्षक) माँगोमेरीशी अजून एक फेरी हवीच. भाला मोडला आणि त्याच्या ढलप्या झडपेतून थेट राजाच्या डोळ्यात. आँब्र्वाझ पारे आणि वेसालियस, म्हणजे त्या काळचे एक नंबरचे वैद्य, दोघेही उशाशी, तरी 10 जुलैला राजा गेला, वय फक्त 40.

राजाने म्हणे माँगोमेरीला माफ केलं होतं. कॅथरीनने नाही केलं बहुतेक, कारण तो पुढे प्रोटेस्टंट बंडखोरांना मिळाला, पकडला गेला आणि 1574 मध्ये पॅरिसमध्येच त्याचा शिरच्छेद झाला.