तुमचं घड्याळ कुणाला विचारतं?

एका पतसंस्थेतली गोष्ट. नाव सांगत नाही. काउंटरवर भरलेल्या पैशांवरून वाद झाला. पावतीवर वेळ १२:०४, आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये १२:०४ ला काउंटर रिकामं! मॅनेजरसाहेब कॅशियरकडे बघायला लागले. शेवटी कुणीतरी रेकॉर्डिंग पुढे ढकललं, तर १२:१५ ला खातेदार हजर. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, अकरा मिनिटं पुढे होता.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर बटणाएवढा सेल असतो, त्याच्या जोरावर घड्याळाचा एक क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दहा लाखांत वीस इतकीच चूक धरा, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. प्रत्येक यंत्राची चूक वेगळी.

यावरचा उपाय म्हणजे एनटीपी, नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत. डेव्हिड मिल्स यांनी तो मांडला, पहिला आराखडा १९८५ चा. आपला कॉम्प्युटर सर्व्हरला वेळ विचारतो. प्रश्न निघाला कधी, पोचला कधी, उत्तर निघालं कधी, हाती आलं कधी, अशा चार नोंदींवरून वाटेतला उशीर वजा होतो.

आता ऑफिसात काय करायचं? प्रत्येक पीसी इंटरनेटला जोडून ठेवू नका. विंडोजचं डोमेन (सगळ्या पीसींचं एकत्र सांभाळलेलं जाळं) असेल तर पीसी डोमेन कंट्रोलरला, म्हणजे ते जाळं सांभाळणाऱ्या सर्व्हरला विचारतात, आणि हे कंट्रोलर त्यांच्यातल्या मुख्याला, पीडीसी एम्युलेटरला. बाहेर विचारायचं ते फक्त त्याने. तिथेच लोक चुकतात. त्या मुख्य सर्व्हरवर डब्ल्यू३२टीएम या विंडोजच्या कमांडला सोर्स, म्हणजे वेळ कुठून घेतोस ते, विचारा. ‘लोकल सीमॉस क्लॉक’, म्हणजे मदरबोर्डवरचंच घड्याळ, असं उत्तर आलं तर समजा, तो कुणालाच विचारत नाही. त्याच्या मागे अख्खं ऑफिस एकमताने चुकतंय. बाहेरचा पत्ता दिला असूनही हेच येत असेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी १२३, म्हणजे एनटीपीची वाट, बंद आहे का बघा.

सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या (होस्टच्या) आत चालणारा असेल तर आणखी गंमत. तो वेळ घेतो होस्टकडून, आणि होस्ट डोमेनमध्ये असल्यामुळे वेळ घेतो याच सर्व्हरकडून! दोघं एकमेकांना विचारत हळूहळू भरकटतात. सेटिंगमधली होस्टकडून वेळ घेण्याची खूण काढून टाका. पीसी आणि सर्व्हर यांच्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख तपासणारी यंत्रणा, लॉगिन नाकारते, आणि लोक बिचारे पासवर्ड बदलत बसतात.

बाहेरचा सर्व्हर कोणता? सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं यांना एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी घड्याळ जुळवायला सांगितलंय. आमच्या मुंबईने मात्र १९०६ मध्ये देशाची एक वेळ ठरल्यावरही ती मानायला बरीच वर्षं घेतली. शहराचा ‘बॉम्बे टाइम’ ३९ मिनिटं मागेच चालत असे.

फरक बरोबर अर्ध्या तासाचा दिसला तर घड्याळाला दोष देऊ नका. कुणीतरी टाइम झोनच्या यादीत कोलकाताऐवजी एक ओळ वरची निवडलीय.

त्या पतसंस्थेचा डीव्हीआर आता सर्व्हरला विचारतो. हजेरीच्या मशीनला ती सोयच नाही. तिचं घड्याळ शिपाईमामा दर सोमवारी हाताने लावतात.