सुरुवात उशीपासून

(खिडकीतून आलेला कवडसा. त्यात तरंगणारे कण. झाडूचा आवाज.)

झाडू फिरला की कवडशात असे कण नाचायला लागतात. झाडणाऱ्याला वाटतं, धूळ निघाली. खरं तर ती जागेवरून उठली, एवढंच. थोड्या वेळाने पुन्हा खाली बसेल. मधल्या वेळात या खोलीत जो श्वास घेईल, त्याच्या छातीत जाईल.

दमा असलेल्याच्या श्वासनलिकांना आतून सूज असते. तोंडाने ओढायच्या औषधाच्या रोजच्या पंपाने (इन्हेलरने) ती आटोक्यात राहते, तरी नलिका हळव्याच. निरोगी छाती ज्याची दखलही घेत नाही, तेवढ्याने त्या आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना शिट्टी वाजते. कोणाची छाती कशाने बिथरेल, हे मात्र माणसागणिक वेगळं.

(उशी. कॅमेरा अगदी जवळ.)

रात्रीचे सात-आठ तास आपलं नाक या उशीला लागलेलं असतं. आणि इथेच डस्ट माइटची वस्ती असते. कोळ्याच्या गोतावळ्यातला हा आठ पायांचा जीव, लांबीला जेमतेम पाव-तृतीयांश मिलिमीटर. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. घरातल्या धुळीने धाप लागते, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. त्यामागे हा किडा असावा, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६४ मध्ये मांडलं. मुख्य त्रास त्याच्या विष्ठेचा. अन्न पचवणारी विकरं तिच्यात उरलेली असतात आणि ती श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतात.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगाने शोषतो. तिथेच त्याला गाठता येतं. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली, तर तो सुकून मरतो. अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने विष्ठा बरीचशी निघते, पण किडे तगतात. गादी काही धुता येत नाही. तिला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला. मुलांचं लाडकं मऊ खेळणं पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवाच. थंडीने किडे मरतात, त्यांची विष्ठा कुठेच जात नाही.

हवा शुद्ध करणारं यंत्र? माइटचे कण जड. काही मिनिटांत खाली बसतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. पहिला खर्च यंत्रावर करून जुनी उशी तशीच ठेवणाऱ्यांची म्हणून हळहळ वाटते.

(खिडकीत अंग चाटणारं मांजर.)

मांजराचं गणित उलटं. दोष त्याच्या केसांना देतात, पण त्रासदायक प्रथिन असतं लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत. अंग चाटताना ते केसांवर पसरतं, वाळतं आणि तासन्‌तास हवेत तरंगतं. कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरातही पोचतं. मांजर दुसरीकडे दिलं, तरी घरात महिनोन्‌महिने राहतं. इथे मात्र हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर कामाला येतो. मांजराला झोपण्याच्या खोलीत येऊ न देणं, हे निदान जमण्यासारखं आहे. ओझोन सोडणारं यंत्र मात्र कधीच नको. ओझोनच श्वासनलिकांना झोंबतो.

(भिंतीच्या कोपऱ्यातला काळपट डाग.)

ही बुरशी. वरून रंग मारला की महिनाभर बरं दिसतं, पण आतली ओल तशीच राहते. आधी गळका पाइप शोधा.

पाण्याच्या वासावर झुरळंही येतात. अमेरिकेतल्या दाट वस्तीतल्या दमेकरी मुलांचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्या मुलांना झुरळाची ॲलर्जी होती आणि घरातही झुरळाचे अंश भरपूर होते, त्यांना इतरांपेक्षा तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावं लागलं. पण म्हणून फवारा मारलात, तर त्या वाफेनेच उबळ यायची. फटी बुजवा, अन्न झाका, जेलचं आमिष ठेवा.

धुराला घरात सुरक्षित कोपरा नाही. खिडकीत उभं राहून सिगारेट ओढली, तरी धूर पडद्यांत आणि कपड्यांत मुरतो. गॅसच्या निळ्या, स्वच्छ दिसणाऱ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. शेगडी पेटलेली असेपर्यंत हवा बाहेर टाकणारा पंखा चालू हवा. साफसफाईची दोन द्रावणं एकत्र करू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो.

हे सगळं एकाच घराला लागू पडेल असं नाही. ॲलर्जीची चाचणी आणि त्रास कधी, कुठल्या खोलीत होतो याची साधी नोंद, यावरून आपलं कारण डॉक्टरांच्या मदतीने शोधता येतं. घर कितीही आवरलं, तरी पंप मनाने बंद करायचा नाही.

(तीच खोली, तोच कवडसा. झाडू कोपऱ्यात उभा. ओलं फडकं फरशीवर फिरतंय.)

दमा असलेली मुलगी बाहेर थांबली आहे. फरशी वाळली, धूळ खाली बसली, की अर्ध्या-एक तासाने ती आत येईल.