रंग कागदावरचा, रंग पडद्यावरचा

श्रोतेहो, नमस्कार.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं? तो पटकन सांगेल, हिरवा. आता हेच टॅबलेटवर करून बघा. भडक पिवळा पसरा, वर शुद्ध निळ्याचा थर द्या आणि तो थर निम्मा पारदर्शक करा. हाती येतो राखाडी. हिरव्याचा मागमूसही नाही!

मग रंगचक्र खोटं का? मुळीच नाही. कागदावरचा रंग प्रकाश शोषतो. पिवळा निळ्या प्रकाशाला गिळतो, निळा तांबड्याला गिळतो. दोघांच्या तावडीतून सुटून डोळ्यापर्यंत पोहोचतो तो हिरवा. ही वजाबाकी आहे, म्हणूनच चार-पाच रंग एकत्र कालवले की पॅलेटवर चिखल होतो. पडद्यावर मात्र तांबडा, हिरवा, निळा असे तीन प्रकाश असतात आणि प्रत्येकाची मात्रा 0 ते 255. पिवळा म्हणजे तांबडा आणि हिरवा पूर्ण, निळा शून्य. निळा म्हणजे त्याच्या नेमका उलट. दोघांची सरासरी काढली की तिन्ही मात्रा 128च्या आसपास येतात, आणि तिन्ही समान झाल्या की राखाडीच दिसणार.

तरीही माझं स्पष्ट मत आहे, सुरुवात कागदावरच करावी. पेटीतली तयार हिरव्याची बाटली बाजूला ठेवा. लेमन यलोत प्रशियन ब्लू घाला, पोपटी ते गर्द अशी स्वच्छ हिरव्याची रांग मिळेल. तोच पिवळा बदलून नारिंगीकडे झुकणारा घ्या आणि सोबत अल्ट्रामरीन, ज्याच्या अंगात किंचित तांबडेपणा असतो. आता हिरवा मेंदीकडे वळेल, मळेल. आंब्याच्या जुन्या पानासाठी मला हाच मळका हिरवा लागतो. कुठल्या पिवळ्यात कुठला निळा, हे हाताला एकदा कळलं की पडद्यावरचे आकडेही बोलके होतात.

तिसरं मिश्रण डोळ्यातलं. येवल्याच्या मागावर धूपछाँव पैठणी विणताना ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे, बाणा म्हणजे आडवे धागे दुसऱ्या रंगाचे. दोन्ही धागे आपापला रंग सोडत नाहीत, पण इतके बारीक आणि इतके जवळ असतात की दुरून तिसराच रंग दिसतो. पदर हलला की कधी एक वरचढ, कधी दुसरा. पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपकेही असेच शेजारी शेजारी असतात आणि त्यांची बेरीज आपला डोळा करतो. डिजिटल चित्रकाराने पैठणी जवळून न्याहाळावी ती यासाठी!

शेजाराचा हा प्रभाव नीट अभ्यासला तो मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या विणीतला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने इतर ठिकाणचा काळा धागा आणून ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा भासत होता. 1839 साली त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कागद असो की पडदा, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू. घरी करून बघा: एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापा, एक पिवळ्यावर ठेवा, एक गडद निळ्यावर. पिवळ्यावरचा अधिक गडद दिसेल.

आणि विद्यार्थीमित्रांनो, चित्र अर्ध्यावर आलं की मोबाइलवर त्याचा फोटो काढून कृष्णधवल करा. रंग उतरले की उरतो फक्त उजेड-अंधार. नारिंगी फूल आणि हिरवी पानं एकाच राखाडीत विरघळली, तर रंग कितीही सुंदर असोत, चित्र सपाट पडणार. एकाला उजळा, दुसऱ्याला गडद करा. पडद्यावर काम करणाऱ्यांनी तर हे विशेष जपावं, कारण पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, तांबड्याचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. काळ्या पार्श्वभूमीवर शुद्ध निळी अक्षरं वाचवत नाहीत ती त्यामुळेच. त्या निळ्यात थोडा हिरवा मिसळा, अक्षरं लगेच वर येतील.

नमस्कार.