अंड्यांच्या टोपलीखाली

नमस्कार श्रोतेहो.

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आपल्याकडचे आईबाबा वॉशिंग्टन शहर बघायला जातात, तेव्हा बरेचदा एक दिवस माउंट व्हर्ननलाही जाऊन येतात. पोटोमॅक नदीच्या काठावरचं जॉर्ज वॉशिंग्टन यांचं राहतं घर. लाल छप्पर, नदीच्या अंगाला उंच खांबांची लांबलचक ओसरी. त्या ओसरीवर उभं राहून काढलेले फोटो घरच्या ग्रुपवर येतात. पण हे घर सरकारचं नाही, हे फोटोत कुठून दिसणार? ते बायकांच्या एका संस्थेच्या मालकीचं आहे. गेली दीडशेहून जास्त वर्षं त्याच ते सांभाळतायत, सरकारी अनुदान न घेता. पुन्हा सांगते, सरकारी अनुदान न घेता. मुख्यतः तिकीट आणि देणग्यांवर.

सुरुवात झाली १८५३ साली. साउथ कॅरोलायनाच्या एक बाई बोटीनं पोटोमॅकवरून चालल्या होत्या. त्यांना काठावरचं ते घर दिसलं, पार मोडकळीला आलेलं. त्यांनी लेकीला पत्र लिहिलं की देशातल्या पुरुषांना हे घर राखता येत नसेल तर बायकांनी का राखू नये? लेक म्हणजे ॲन पामेला कनिंगहॅम. तरुणपणी घोड्यावरून पडल्यामुळे कायमची आजारी. तिनं अंथरुणाशी बसून वर्तमानपत्रात आवाहन लिहिलं, सही केली ‘दक्षिणेतली एक गृहिणी’. बाईचं नाव छापून येणं तेव्हा सभ्यपणाचं नव्हतं ना!

घराचे मालक होते वॉशिंग्टन यांच्या भावाच्या वंशातले, जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन. त्यांनी घर केंद्र सरकारला देऊ केलं, नाही झालं. व्हर्जिनिया राज्याला देऊ केलं, तिथंही नाही. शेवटी १८५८ मध्ये या बायकांशी करार झाला, २ लाख डॉलर, २०० एकर जमिनीसकट. एकेक डॉलर गोळा करत राज्याराज्यांतून बायका हिंडल्या. एडवर्ड एव्हरेट नावाच्या नामांकित वक्त्यानं गावोगावी भाषणं देऊन सुमारे ६९ हजार मिळवून दिले. भाषणातून पैसा उभा राहायचा असे दिवस होते ते. आता भाषणाला पैसा उभा करावा लागतो.

२२ फेब्रुवारी १८६०ला, वॉशिंग्टन यांच्या जयंतीला, ताबा मिळाला. आत काय होतं? सामान जवळजवळ नाहीच. एक मातीचा अर्धपुतळा, एक पृथ्वीचा गोल आणि पॅरिसच्या बॅस्तिय तुरुंगाची किल्ली. ओसरीला जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू. बायकांनी आधी छप्पर-खांब बघितले. हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे स्मारक समिती स्थापन झाली की आधी लेटरहेड छापतात, मग कोनशिलेवर कुणाचं नाव वर यावरून दोन बैठका होतात, आणि तिसरा पावसाळा येईपर्यंत माडी खाली येते. असो.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती. पुढच्याच वर्षी, १८६१ला, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची. कनिंगहॅम बाई आपल्या घरी दक्षिणेत अडकल्या. घरात उरली संस्थेची सचिव सारा ट्रेसी, ही उत्तरेची, न्यूयॉर्क राज्यातली. आणि व्यवस्थापक अप्टन हर्बर्ट, हा व्हर्जिनियाचा, म्हणजे दक्षिणेचा. लग्न न झालेली मुलगी आणि लग्न न झालेला पुरुष एका घरात, म्हटल्यावर लोक काय बोलतील? म्हणून साराची मैत्रीण मेरी सोबतीला राहायला आली. एकीकडे उत्तरेच्या फौजा, दुसरीकडे दक्षिणेच्या, आणि मध्ये हे तिघं अन् काही नोकरमाणसं.

साराचा नियम एकच. कुणीही या, पण शस्त्र बाहेर ठेवा. दोन्ही बाजूंचे सैनिक घर बघायला यायचे. बंदूक बाहेर, मग आत. गणवेश दिसू नये म्हणून काही जण वरून शाल पांघरायचे. तुम्ही डोळ्यांसमोर आणा, दाढीवाले शिपाई शाली लपेटून, पाय पुसून वॉशिंग्टन यांच्या खोल्या बघतायत! उत्तरेचे सरसेनापती विनफिल्ड स्कॉट यांनी तर हुकूमच काढला की या घराला आणि तिथल्या वॉशिंग्टन यांच्या समाधीला धक्का लागता कामा नये. युद्धात हुकूम पाळला गेला. आमच्याकडे शांततेच्या काळात किल्ल्याच्या तटावर बदाम कोरून आत नावं लिहितात, आणि त्यांच्या हातात कुठलं शस्त्रही नसतं, नुसता खिळा.

येणारी बोट बंद झाली, म्हणजे तिकिटाचे पैसे बंद. वाणसामान आणायचं तर लष्कराचा परवाना हवा. तो अडवला गेला, तेव्हा ही बाई थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनना जाऊन भेटली. त्यांनी सेनापती मॅक्लेलनच्या नावे चिठ्ठी दिली आणि परवाना मिळाला.

आणि टोपली. घराचे मूळ मालक जॉन वॉशिंग्टन दक्षिणेच्या सैन्यात गेले आणि सप्टेंबर १८६१ मध्ये मारले गेले. बायको आधीच वारलेली. म्हणजे घराच्या विक्रीचा पैसा आता पोरक्या मुलांचा. तो होता जवळच्याच अलेक्झांड्रिया गावात, आणि अलेक्झांड्रिया उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात. जप्त झाला तर? तेव्हा सारानं तो वॉशिंग्टन शहरातल्या बँकेत पोचवला, असं सांगतात. कसा? अंड्यांच्या टोपलीत. तळाशी पैसे, वर अंडी. अंड्यांची टोपली कशी भरतात ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि भरलेल्या टोपलीत हात घालायला कुणीही कचरतं हेही ठाऊक आहे. एक फुटलं की सगळं बरबटतं. चौकीवरच्या शिपायालाही आई असतेच, त्यालाही तेवढं कळत असणार.

पुन्हा सांगते, खाली पैसे, वर अंडी. मला ही गोष्ट फार आवडते. संग्रहालयशास्त्राच्या कुठल्याच अभ्यासक्रमात ही युक्ती नसेल.

वेळ भराभर चाललाय, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येणार नाही. १७९९ साली वॉशिंग्टन वारले तेव्हा त्या इस्टेटीवर ३१७ गुलाम माणसं होती. घर त्यांच्या हातांनी चाललं होतं. त्यांच्या दफनभूमीवर संस्थेनं पहिला दगड बसवला तो १९२९ साली. म्हणजे ताबा मिळाल्यावर जवळजवळ ७० वर्षांनी. त्याआधी एडमंड पार्कर, पूर्वी तिथलाच गुलाम, समाधीपाशी उभा राहून येणाऱ्यांना माहिती सांगायचा. वॉशिंग्टन यांची माहिती! घर राखणाऱ्यांमध्ये त्याचं नावही घ्यायला हवं.

आजही संस्थेच्या संचालक मंडळावर फक्त बायकाच असतात, वेगवेगळ्या राज्यांतल्या, विनावेतन. तुमचं कुणी तिकडे असेल आणि तुम्ही जाणार असाल, तर ओसरीवर फोटो जरूर काढा, पण दफनभूमीपर्यंतही चालत जा, फार लांब नाही.

आणि हो, सारा आणि हर्बर्टचं काय झालं, हे विचारणारी पत्रं येतील, म्हणून आत्ताच सांगून टाकते. १८७२ साली त्यांनी लग्न केलं. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.