लाल दिवा चोवीस तास

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, परवानगी नसताना विमान, वाहन किंवा माणूस धावपट्टीवर येणे, याला विमानवाहतुकीत धावपट्टीवरील घुसखोरी म्हणतात. पुणेकरांना ती परकी नाही. 15 फेब्रुवारी 2020 रोजी लोहगावहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-321 विमानाने धावपट्टीवर वेग घेतलेला असताना समोर जीप आणि एक माणूस दिसला. वैमानिकाने ठरल्या क्षणाआधीच विमान उचलले. मागच्या भागाला इजा झाली, पण सारे सुखरूप पोहोचले.

उपायांकडे वळण्याआधी मिलानच्या लिनाते विमानतळाची हकिकत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढचे सगळे तिच्यात आले आहे. 8 ऑक्टोबर 2001 ची सकाळ, दाट धुके. पश्चिमेकडच्या तळावरून एका छोट्या सेस्ना विमानाला आर-5 या टॅक्सीवेने (धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या विमानांच्या रस्त्याने) उत्तरेकडे जायला सांगितले गेले. त्याच तळावरून आर-6 हाही टॅक्सीवे निघत असे आणि तो थेट मुख्य धावपट्टी ओलांडत असे. सेस्ना आर-6 वर गेले. तिथे असायला हव्या होत्या त्या खुणा, पाट्या आणि दिवे यांपैकी काही मुळातच नव्हते आणि फाट्यावरच्या खुणा धुक्यात ओळखू येणार नाहीत इतक्या वाईट अवस्थेत होत्या, असे इटलीच्या तपास अहवालाने नोंदवले आहे. वाटेत वैमानिकाने आपण एस-4 जवळ आल्याचे कळवले. ही खूण डांबरावर रंगवलेली होती, परंतु मनोऱ्यातून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाजवळच्या नकाशात ती नव्हती. विमान आर-5 वरच आहे अशा समजुतीने नियंत्रकाने त्याला पुढे जाऊ दिले. जमिनीवरचे जुने रडार 1999 मध्येच बंद केले होते आणि नव्याची उभारणी झाली नव्हती. घुसखोरी टिपणारे संवेदकही बंद होते, कारण वाहने आणि प्राणी यांच्यामुळे खोटे इशारे वाजत. सेस्ना लाल दिवे ओलांडून धावपट्टीवर आले आणि कोपनहेगनला निघालेले एसएएस या विमान कंपनीचे एमडी-87 विमान पूर्ण वेगात त्याच्यावर आदळले आणि पुढे सामानाच्या इमारतीत घुसले. 118 माणसे गेली. त्यांत त्या इमारतीत काम करणारे चौघे होते, ज्यांचा विमानप्रवासाशी त्या सकाळी काही संबंधही नव्हता.

अशा घटनेनंतर चर्चा वैमानिकाने काय चुकवले आणि नियंत्रकाने काय ऐकले यावरच फिरत राहते, याचे मला मनापासून दुःख होते. झिजलेला रंग पुन्हा मारणे, नकाशा जमिनीशी ताडून पाहणे, बंद पडलेले यंत्र दुरुस्त होईपर्यंत वाहतूक कमी करणे, या कामांना ना बातमीत जागा मिळते ना अंदाजपत्रकात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची ओळ, म्हणजे स्टॉप बार, नियंत्रकाने परवानगी देताना विझवायची असते आणि ती पेटलेली असताना कोणीही ओलांडायची नसते. बऱ्याच ठिकाणी ती केवळ कमी दृश्यमानतेत वापरतात. 2 जानेवारी 2024 रोजी तोक्योच्या हानेदा विमानतळावर हवा स्वच्छ होती. भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर येऊन सुमारे 40 सेकंद उभे राहिले आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे ए-350 त्याला धडकले. मोठ्या विमानातले 379 जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले. धावपट्टीआधी थांबण्याच्या त्या जागेवरचे, म्हणजे थांब्यावरचे, स्टॉप बार दुरुस्तीसाठी बंद होते, आणि चालू असते तरी तशा हवेत ते पेटवण्याची प्रथा नव्हती. धावपट्टी अडल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. नंतर त्या पडद्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्यात आला.

म्हणून माझे म्हणणे असे, की स्टॉप बार रात्रंदिवस, कोणत्याही हवेत वापरावेत, प्रत्येक वाहनचालकालाही ते बंधनकारक असावेत, आणि ते बंद असतील त्या थांब्यावरून धावपट्टीवर प्रवेशच देऊ नये. अमेरिकेतील काही मोठ्या विमानतळांवर टेहळणी यंत्रणेशी जोडलेले लाल दिवे धावपट्टी व्यापलेली असताना नियंत्रकाची वाट न पाहता आपोआप पेटतात. आपल्या गर्दीच्या विमानतळांवर, विशेषतः जिथे मुंबईसारख्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे, ही यंत्रणा आधी यायला हवी. खर्चाचा प्रश्न प्रश्नोत्तरांत घेऊ.