चैत्र-वैशाखातलं ठाणं

(ठाण्यातील एका वाचनालयात चैत्रात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

परीक्षा आटोपत आल्या आहेत. आठ-दहा दिवसांत शाळांना सुट्ट्या लागतील आणि सोसायट्यांच्या फलकांवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतील. चित्रकला, स्केटिंग, रोबोटिक्स, पोहणं. त्याला माझा विरोध नाही. पोहायला तर तलावांच्या शहरातल्या प्रत्येक मुलानं शिकावंच. पण या सगळ्या यादीत ठाणं कुठे आहे? हीच शिबिरं उचलून नागपूरला किंवा सुरतेला नेली तरी त्यांत अक्षराचा फरक करावा लागणार नाही. मुलांच्या दहा-बारा सुट्ट्या या शहरात जातात आणि त्यांतला एखादा दिवससुद्धा या शहराच्या वाट्याला येत नाही, हे मला फार लागतं. त्यासाठीच आज बोलायला उभा आहे.

उन्हाळ्यात एकत्र जमायची रीत आपल्याकडे जुनी आहे. शाळांना आणि न्यायालयांना सुट्टी, शेतं रिकामी, माणसांना सवड. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 च्या मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती याच सवडीचा विचार करून. घरोघरी आंब्याची डाळ आणि पन्ह्याचं चैत्रातलं हळदीकुंकू, रामनवमी ते हनुमान जयंती देवळादेवळातली कीर्तनं, खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आगरी-कोळी गावांत गावदेवीच्या जत्रा, कोळीवाड्यांतून पालख्या घेऊन कार्ल्याच्या एकवीरेला जाणारी मंडळी, हे सगळं चैत्र-वैशाखातलं. यांत प्रेक्षक म्हणून कुणी नसायचं. कुणी मांडव घालायचं, कुणी पाणी भरायचं, कुणी प्रसादाला बसायचं. मुलांनाही काही ना काही काम असायचं. सुट्टीतला कार्यक्रम मुलांसाठी करायचा की मुलांकडून करून घ्यायचा, एवढाच प्रश्न आपण ठरवायला हवा. माझं उत्तर ठाम आहे: करून घ्यायचा.

आणि ठाण्यात त्यासाठी निमित्तं शोधत बसावं लागत नाही. या शहराच्या इतिहासातल्या कितीतरी मोठ्या घटना उन्हाळ्यातच घडल्या आहेत. 1321 च्या एप्रिलमध्ये इथे फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथातला प्रवासी पुढे इथे आला आणि त्यानं ती हकिगत लिहून ठेवली. त्याआधी मार्को पोलोनं ठाण्याच्या राज्याचा उल्लेख केलेला होताच. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी युरोपात ठाणं हे नाव माहीत होतं. 1737 मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. पोर्तुगीजांचं किल्ल्याचं बांधकाम तेव्हा पुरंही झालेलं नव्हतं. 16 एप्रिल 1853, शनिवार, दुपारी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल झाला आणि 1 मे 1854 ला गाडी कल्याणला पोहोचली. आणि 19 एप्रिल 1910. त्या दिवशी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी दिलं गेलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. आपल्या कॉलेजातल्या मुलांचं वय हेच. म्हणून मला वाटतं, तुरुंगाच्या बाहेर उभं राहून ही हकिगत सांगायचं काम अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनीच करावं. आम्ही सांगतो तेव्हा तो इतिहास असतो. त्यांनी सांगितलं की ऐकणाऱ्याला आपोआप वय दिसतं.

हा तुरुंग म्हणजेच तो किल्ला. आत जाता येत नाही, पण भिंती बाहेरून दिसतात. लहान मुलं बरोबर असली तर इथे त्र्यंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगावी. पेशव्यांचा हा कारभारी 1816 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथून निसटला. बाहेर घोडा खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून पलायनाचा बेत आत पोहोचला, पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना अवाक्षर कळलं नाही, अशी कथा सांगतात. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना एवढी गोष्ट पुरते, घरी जाऊन ती चार जणांना सांगतात.

फेरी कशी करावी, हे अनुभवानं सांगतो. साडेसहाला जांभळी नाक्यावर कोपिनेश्वराच्या दारात जमायचं. नऊच्या आत सगळ्यांना सावलीत आणायचं, कारण एप्रिलमध्ये नऊनंतर पोरांचं लक्ष फक्त पाण्याच्या बाटलीकडे असतं. पंधरा-वीसपेक्षा जास्त माणसं नकोत. ध्वनिक्षेपक तर अजिबात नको, आजूबाजूला लोक राहतात. कोपिनेश्वराचं मूळ शिलाहारकालीन. ठाणं तेव्हा श्रीस्थानक, शिलाहारांची राजधानी. 1787 मध्ये किल्ल्याजवळ खोदताना अरिकेसरी राजाचा ताम्रपट मिळाला, तो 1017 सालचा. हे सगळं सांगावंच. पण मला त्या देवळाबद्दल सांगायला आवडतं ते वेगळंच आहे. 1879 मध्ये ठाणेकरांनी वर्गणी काढून देवळाची मोठी दुरुस्ती केली. आणि त्याच 1879 मध्ये, तिथून चालत जाता येईल अशा टेंभी नाक्यावर, बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी शआर हशामाईम हे सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ बांधलं. एकाच वर्षी, एकाच बाजारपेठेच्या आसपास, दोन समाज आपापल्या देवाच्या घरासाठी झटत होते. गवंडी, सुतार, चुना, लाकूड यांसाठी त्यांची गाठ पडलीच असेल, नाही का? मुलांना हा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. ती काय काय कल्पना करतात ते ऐकण्यासारखं असतं.

जाताना पथ्यं पाळायची. शनिवारी सिनेगॉगमध्ये शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्या दिवशी फेरी ठेवायची नाही आणि एरवीही आधी विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. टेंभी नाक्याच्या अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, म्हणून फाटकाबाहेरूनच नमस्कार. यात मुलांना वाईट वाटण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या घराचा उंबरठा कुठे आहे हे कळणं, हेही शिक्षणच आहे.

आता मला ज्या गोष्टीवर जास्त बोलायचं आहे तिकडे वळतो. आपण वारसा म्हटलं की दगड-विटांकडे बघतो. देऊळ, किल्ला, चर्च, पूल. पण उन्हाळ्यातला ठाण्याचा खरा ठेवा गच्च्यांवर आणि अंगणांत वाळत घातलेला असतो. चेंदणी कोळीवाड्यात एप्रिल-मेमध्ये जा. स्टेशनच्या दोन्ही अंगांना हा कोळीवाडा आहे, मधून रूळ गेलेत. तिथे आगोटीची तयारी चाललेली असते. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून सुकट, बोंबील, वाकट्या भरून ठेवायच्या. आणि वर्षाचा मसाला करायचा. चटईवर पसरलेल्या लाल मिरच्या, काश्मिरी रंगाला, ब्याडगी चवीला, संकेश्वरी तिखटाला. कोण किती घालतं यावर घराघराची चव ठरते. दोन-तीन कडक उन्हं खाल्ली की मिरची हातात घेऊन हलवायची. आतलं बी खुळखुळलं की देठ काढायचे, गरम मसाला वेगळा भाजायचा आणि मग कांडपावर न्यायची. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. तिथल्या एका आजींनी मिरची माझ्या कानाशी नेऊन वाजवून दाखवली होती.

आता तलावपाळीला या. तिथल्या सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चशी जोडलेली ईस्ट इंडियन कुटुंबं आहेत, घरात मराठी बोलणारी, इथलीच मूळची. त्यांच्याकडेही याच दिवसांत वर्षाचा मसाला होतो. तो कांडून गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. गडद काच कशासाठी? उजेड लागला की रंग आणि वास उतरतो म्हणून. देव वेगळे, सण वेगळे, पण पावसाच्या आधी कडक ऊन पकडायची घाई दोन्हीकडे सारखीच.

या उन्हाळ्यात आपण एक कार्यक्रम असा करू या. कोळीवाड्यातल्या दोघीतिघी आणि ईस्ट इंडियन घरातल्या दोघीतिघी, एका अंगणात, आपापल्या मिरच्या घेऊन. व्यासपीठ नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. मुलांनी मिरच्या निवडायला बसावं आणि निवडता निवडता विचारावं. हात कामात असले की मोठी माणसं मोकळेपणानं बोलतात. समोर माइक धरला की तीच माणसं भाषण करायला लागतात. या बायकांना येण्याजाण्याचा खर्च आणि त्यांच्या वेळेचा मोबदला द्यायचा, हे मात्र आधीच ठरवू. तज्ज्ञाला मानधन देतो, तर यांना का नाही?

येऊरचंही तसंच. येऊरच्या पाड्यांवरून वारली बायका करवंदं, जांभळं घेऊन ठाण्याच्या बाजारात येतात. पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आपण पुढे निघतो. मुलांना सांगा, थांबा. मावशी, ही कुठल्या बाजूची? तोडायला किती वाजता निघालात? यंदा बहर कसा आहे? मुंबईच्या उत्तरेपर्यंत पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा कोपरा. त्याचं या वर्षीचं वर्तमान जितकं त्यांना ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुणाला नाही. मोठ्यांसाठी तिथे बुद्धपौर्णिमेची प्राणिगणनाही असते. उन्हाळ्यात पाणी मोजक्या ठिकाणीच उरतं, जनावरांना तिथे यावंच लागतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात मचाणावरून ती दिसतात. वनखात्याच्या परवानगीनंच जायचं, रात्रभर तोंड बंद ठेवायची तयारी असेल तरच जायचं. खाडीत रोहित पक्षीही मे अखेरपर्यंत भेटतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीनं जाता येतं. आपली खाडी 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्याबद्दल आणखी सांगत नाही, ते डोळ्यांनी बघायचं आहे.

तलावांबद्दल मात्र एक काम सुचवतो. एकेकाळी साठाच्या वर तलाव होते असं सांगतात, आज पस्तिसेक उरलेत. मे महिन्यात पाणी उतरतं आणि एरवी न दिसणाऱ्या पायऱ्या, जुने बांध, झरे दिसायला लागतात. मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, मखमली, रायलादेवी. प्रत्येक गटानं एक तलाव घ्यावा, काठावर राहणाऱ्या जुन्या माणसाला गाठावं आणि त्याच्या लहानपणचा नकाशा त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावा. विहीर कुठे, वड कुठे, म्हशी कुठे धुवायच्या. आणि बुजवलेल्या तलावाचा नकाशा मिळाला तर तो सगळ्यांत मोलाचा.

नोंदी करताना चार गोष्टी पाळायच्या. आवाज टिपण्याआधी विचारायचं. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव त्याच्याच तोंडून घ्यायचं. कुणाच्या घरचा जुना फोटो उचलून आणायचा नाही, तिथेच मोबाइलवर त्याची प्रत काढायची आणि फोटोत कोण कोण आहे ते लगेच लिहून ठेवायचं. नंतर लिहू म्हटलं की राहतं, आणि फोटोतली माणसं ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात 1 जून 1893 रोजी सुरू झालं. त्याचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे तेव्हा विशीतले होते. आपणही 1 जून ही मुदत धरू. तोपर्यंत मुलांच्या वह्या पुऱ्या व्हाव्यात आणि त्यांची एक-एक प्रत वाचनालयात ठेवायला द्यावी. 16 आणि 19 एप्रिलच्या फेऱ्यांसाठी प्रत्येकी चार जण हवेत, आगोटीच्या कार्यक्रमासाठी ज्यांचं अंगण किंवा गच्ची मोकळी आहे असं एक घर हवं, आणि तलावांसाठी सायकल असलेली मुलं. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहा, आणि नावापुढे कुठला तलाव घेणार तेही आत्ताच लिहून जा.