आरोग्यवही: डिचोली ते बांबोळी

(दृश्य: शाळेची पडवी, वजनकाटा)

गोव्यातील डिचोली तालुक्यातील विशेष मुलांच्या या शाळेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थना आटोपली की वजनकाटा पडवीत येतो. आकडा बाई वाचून दाखवतात, पण आपल्या आरोग्यवहीत तो ज्याचा त्यानेच लिहायचा असतो आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने छापील पट्टीवर तेवढा रंग भरायचा असतो. गणेशचवथीनंतर जवळजवळ प्रत्येकाची पट्टी वर सरकते; नेवऱ्यांची, म्हणजे सणाच्या करंज्यांची, नोंदही अशी आपसूक होते.

(दृश्य: वहीची पाने)

या वहीमागची कल्पना ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातली आहे. तेथील संशोधकांनी बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या किशोरवयीनांसाठी ‘आस्क’ नावाची आरोग्यदैनंदिनी तयार केली, तिच्या जोडीला डॉक्टरांच्या हाती सर्वांगीण तपासणीचा आराखडा दिला आणि या दोहोंचा उपयोग शाळांमधून शास्त्रीय पद्धतीने पडताळून पाहिला. ज्यांना हे साहित्य मिळाले होते, त्यांची दृष्टी, श्रवणशक्ती, रक्तदाब व वजन तपासले जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. यांतली एकही तपासणी दुर्मीळ किंवा खर्चिक नाही, आणि तरीही ती करून घेण्यासाठी वहीची आठवण लागावी, हे विचार करायला लावणारे आहे.

इथल्या वहीत सर्वांत अधिक मेहनत घेतली गेली आहे ती दुखण्याच्या पानावर. शरीराच्या बाह्याकृतीवर मूल बोट ठेवते आणि आई शेजारी त्याचा घरातला शब्द लिहिते. कुणाच्या पानावर ‘दुखता’ आहे, कुणाच्या पानावर ‘बाऊ’, तर चौदा वर्षांच्या एका मुलाच्या पानावर शब्दच नाही. तिथे आईने लिहिले आहे, ‘डावा कान ओढतो, जेवताना रडतो.’ तपासणीच्या पाच मिनिटांत जे सांगायचे राहून जाते, ते या ओळीत आहे. चिडचिड, डोके आपटणे, झोप उडणे हे सारे ‘अशा मुलांचे असेच असते’ म्हणून सोडून दिले जाते आणि त्यामागची दाढदुखी, बद्धकोष्ठता किंवा कानातला मळ कुणी पाहतच नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत थायरॉइड मंदावण्याचा धोका मोठा असतो, म्हणून दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक असते. परंतु मूल सुस्तावले की ते आळशी झाले, असे घरात ठरून जाते. मुलींच्या वह्यांत पाळीच्या तारखांसाठी वेगळे पान आहे, आणि फिट येणाऱ्या मुलीची फिट पाळीच्या आसपास वाढते का, हेही त्यावरून ताडून पाहता येते.

(दृश्य: रक्तदाब मोजण्याचा पट्टा, मुले)

हा पट्टा खरा आहे, मोजमाप मात्र लुटुपुटूचे. आधी बाईंच्या दंडाला, मग बाहुलीच्या, मग मित्राच्या आणि शेवटी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून घेण्याचा हा सराव रोज दहा मिनिटे चालतो. हवा भरताना होणारा आवाज आधीच ओळखीचा झालेला असला, की दवाखान्यात मूल हात मागे ओढत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, आरोग्यसेवेची आणि उपचारांत प्राधान्याची तरतूद करतो; बौद्धिक दिव्यांगत्वासारख्या दिव्यांगत्वांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमाही आहे.

(दृश्य: म्हापशाचे बसस्थानक, मांडवीवरचा पूल, बांबोळी)

कानाच्या तपासणीसाठी त्या चौदा वर्षांच्या मुलाला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणले आहे. वही त्याच्याच हातात आहे. डॉक्टरांनी ती उघडली, कानाचे पान वाचले आणि आधी डाव्या कानात पाहिले. कडक झालेला मळ निघाला. श्रवणचाचणीसाठी पुढची तारीख मिळाली आहे, आणि ती डॉक्टरांसाठी राखलेल्या पानावर लिहून घेण्यासाठी त्याने स्वतःच पेन पुढे केले आहे.